झिजलेल्या दातांसाठी इंजेक्टेबल कंपोझिट: मेणापासून पॉलिशपर्यंतची पूर्ण पद्धत

ठाण्यातल्या दवाखान्यांत झिजलेल्या दातांचे पेशंट आता फक्त साठीच्या पुढचे राहिलेले नाहीत. घोडबंदर रोडच्या सोसायटीतला पस्तिशीचा इंजिनीअर रोज सकाळी उपाशीपोटी गरम पाण्यात लिंबू पिळून पितो आणि त्याच्या वरच्या पटाशीच्या दातांच्या कडा काचेसारख्या पातळ झालेल्या असतात. वागळे इस्टेटमध्ये हयात घालवलेल्या काकांनी तीस वर्षं सुपारी चघळलेली असते, त्यांच्या दाढा सपाट झालेल्या असतात. रात्री उशिरा जेवून लगेच आडवी होणारी, ॲसिडिटीच्या गोळ्यांवर दिवस काढणारी माणसं येतात. त्यांच्या वरच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू विरघळून पिवळं डेंटिन (दाताचा आतला थर) उघडं पडलेलं असतं. या सगळ्यांचे दात आखूड झालेले असले तरी जिवंत असतात, आणि कडेने का होईना, त्यांवर इनॅमल, म्हणजे दाताचं कठीण बाहेरचं आवरण, शिल्लक असतं.

अशा दातांना सरसकट कॅप बसवायच्या म्हणजे उरलेलं इनॅमलही घासून टाकायचं. मला हे पटत नाही. जे आधीच झिजलंय त्यात भर घालायची असते. इंजेक्टेबल कंपोझिटने, म्हणजे सिरिंजमधून वाहणाऱ्या आणि लाइटने कडक होणाऱ्या रेझिनने, ही भर साध्या दवाखान्यातही नेमकी घालता येते. मात्र या पद्धतीतलं महत्त्वाचं काम पेशंट खुर्चीत नसताना, त्याच्या दातांच्या मॉडेलवर होतं: तिथे मेणाने हवा तो आकार घडवायचा आणि त्याचा पारदर्शक साचा घ्यायचा. सिरिंज हातात घेण्याआधीच निकाल बराचसा ठरलेला असतो, म्हणून हा लेखही मॉडेलवर जास्त रेंगाळणार आहे.

थोडी पार्श्वभूमी. बुओनोकोर यांनी 1955 मध्ये फॉस्फोरिक ॲसिडने इनॅमल खरखरीत करून त्याला रेझिन चिकटवून दाखवलं. आपण आजही त्याच पायावर उभे आहोत. 1990च्या दशकाच्या मध्यात पहिली फ्लोएबल (वाहती) कंपोझिट्स आली, पण त्यांत फिलर (ताकद देणारे बारीक कण) कमी असल्याने ती मऊ होती आणि लायनर, म्हणजे भरावाखालच्या पातळ थरापलीकडे त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नसे. आजच्या इंजेक्टेबल कंपोझिटमध्ये वजनाने 70 टक्क्यांच्या आसपास फिलर असतो, कण अतिशय बारीक असतात, तरी पदार्थ सिरिंजच्या टोकातून सहज वाहतो. त्यामुळे ते चावण्याच्या पृष्ठभागावर वापरता येऊ लागलं. पारदर्शक सिलिकॉनच्या साच्यातून ते दातावर ओतायची पद्धत अमेरिकेतले डॉ. डग्लस टेरी यांनी तपशीलवार मांडली आणि तिथून ती जगभर पसरली.

कोणाला करावं, कोणाला नको

झीज मध्यम आहे, दाताभोवती इनॅमलची कड शाबूत आहे आणि हिरड्या निरोगी आहेत, तर ही पद्धत उत्तम. दातांमधल्या फटी, लहान आकाराचे बाजूचे दात, तुटलेल्या कडा यांनाही ती चालते. चाव्याची उंची वाढवून पूर्ण तोंडाचं काम करायचं असेल तर कायमस्वरूपी सिरॅमिकच्या आधी वर्ष-दोन वर्षं नवा चावा पेशंटला सोसतो का, हे पाहण्याचा यापेक्षा चांगला मार्ग मला तरी माहीत नाही.

कड हिरडीखाली गेली असेल आणि तिथे रक्त थांबत नसेल तर थांबा. इनॅमल जवळजवळ संपलं असेल, किंवा पेशंट रात्री इतके दात खातो की आधीची सिमेंटंही फुटली आहेत, तर दुसरा विचार करा. खोल कीड असेल तर ती आधी नेहमीच्या घट्ट कंपोझिटने थराथराने भरून घ्या. इंजेक्टेबल जास्त आकुंचन पावतं; खोल खड्डा एका दमात भरण्यासाठी ते नाही.

सगळ्यात आधी झिजेचं कारण शोधा. 5.5च्या खाली सामू गेला की इनॅमल विरघळायला लागतं आणि लिंबाचा रस त्याच्या कितीतरी खाली असतो. टाळूकडची बाजू झिजली असेल तर पोटातल्या आम्लाचा संशय घ्या आणि पेशंटला फिजिशियनकडे पाठवा. लिंबूपाणी, व्हिनेगर, सुपारी, गुटखा यांबद्दल स्पष्ट विचारा. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण पेशंटच्या खिशात काय आहे ते त्यालाच विचारावं लागतं. “काका, हे सोडल्याशिवाय मी हात लावणार नाही” असं प्रेमाने पण ठाम सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. कारण तसंच ठेवून केलेलं काम त्याच कारणाने झिजतं.

जबड्याच्या सांध्यात दुखणं, कटकट किंवा तोंड कमी उघडणं असेल तर चाव्याची उंची वाढवण्याआधी दुसरं मत घ्या. आपल्याकडे नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे इथे दंत महाविद्यालयं आहेत. तिथल्या प्रोस्थोडॉन्टिक्स (कॅप आणि कृत्रिम दातांच्या) विभागात पेशंट दाखवायला कमीपणा मानू नये.

नोंदी आणि चाव्याची उंची

पहिल्या भेटीत फोटो, एक्स-रे, वर-खालचे इम्प्रेशन किंवा स्कॅन, फेसबो (वरच्या जबड्याची कवटीशी असलेली जागा टिपणारं साधन) आणि सेंट्रिक रिलेशनची (स्नायू सैल असताना जबड्याची सांध्यातली ठरावीक जागा) नोंद घ्या. सेंट्रिकसाठी लीफ गेज (पातळ पट्ट्यांचा गठ्ठा) किंवा समोरच्या दातांवर छोटा जिग (मागचे दात टेकू न देणारा अडसर) वापरा. स्नायू सैल व्हायला दहा-पंधरा मिनिटं द्या, घाई करू नका. ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर लाइनवर उभ्याने प्रवास करून आलेला पेशंट संध्याकाळी जबडा आवळूनच बसलेला असतो. म्हणून मी ही नोंद शक्यतो सकाळी घेते.

मॉडेल्स सेमी-ॲडजस्टेबल आर्टिक्युलेटरवर (जबड्याच्या हालचालीची नक्कल करणाऱ्या यंत्रावर) बसवा. दाढेवर कंपोझिटची जाडी किमान 1.5 मिमी मिळायला हवी आणि त्यावरून उंची किती वाढवायची ते ठरतं. ढोबळमानाने पहिल्या दाढेशी 1 मिमी जागा मिळवली की समोरच्या दातांशी सुमारे 2 मिमी आणि आर्टिक्युलेटरच्या पिनवर सुमारे 3 मिमी उघडतं. हा हिशेब मेण लावायच्या आधी करा, नाहीतर लॅबवाला सुंदर दात करून देईल आणि ते तोंडात बंदच होणार नाहीत.

झीज फक्त समोरच्या दातांची असेल तर दाल तत्त्व वापरता येतं. नॉर्वेच्या दाल आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये दाखवलं की समोरच्या दातांवर उंची दिली आणि मागचे दात उघडे ठेवले, तर काही महिन्यांत मागचे दात वर येऊन पुन्हा चाव्यात येतात. तरुण पेशंटमध्ये हे छान जमतं. पण पहिले काही महिने मागचे दात टेकणार नाहीत आणि जेवताना विचित्र वाटेल, हे पेशंटला लेखी आणि तोंडी दोन्ही सांगा.

मेणाचा नमुना

वॅक्स-अप लॅबकडे देताना नुसतं “वॅक्स-अप पाहिजे” लिहून पाठवू नका. उंची, समोरच्या दातांची लांबी, सुळ्यांचं मार्गदर्शन (जबडा बाजूला सरकताना सुळ्यांनी मागचे दात सोडवणं), हसण्याची रेषा, पेशंटचा जुना फोटो हे सगळं द्या. मेण हिरडीच्या अगदी कडेपर्यंत न नेता किंचित अलीकडे, स्वच्छ संपवायला सांगा. तिथे मेणाचा फुगवटा राहिला तर तोंडात तिथेच कंपोझिटचा थर चढतो आणि पुढे हिरडी सुजते.

मेण तयार झालं की त्याचा पुटीचा (घट्ट सिलिकॉनचा) साचा करून तोंडात बिस-ॲक्रिलने (तात्पुरत्या रेझिनने) मॉकअप, म्हणजे तात्पुरता नमुना, करा. पेशंटला आरसा द्या, घरच्यांना दाखवा. बोलणं तपासायला मराठीत आयती सोय आहे. विसापासून तिसापर्यंत मोजायला सांगा: एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस. इथे ‘व’ म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या ओल्या-कोरड्या सीमेवर हलकी टेकली पाहिजे. मग साठ ते सत्तर: एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, सहासष्ट. ‘स’ला शिट्टी वाजली किंवा वर-खालचे दात आपटले तर लांबी किंवा उंची जास्त झाली आहे. बदल मॉडेलवर करा आणि पुन्हा मॉकअप घ्या. पेशंट “हो, हेच” म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका.

पारदर्शक साचा

साच्यासाठी खास पारदर्शक ॲडिशन सिलिकॉन मिळतं. ते छिद्र नसलेल्या ट्रेमध्ये भरा. दातांभोवती सगळीकडे सुमारे 5 मिमी जाडी हवी. पातळ साचा दाबल्यावर वाकतो आणि दाताचा आकार बदलतो, फार जाड साच्यातून प्रकाश कमी पोचतो. बुडबुडे येऊ नयेत म्हणून टोक सिलिकॉनमध्ये बुडवलेलं ठेवूनच ट्रे भरा. प्रेशर पॉट असेल तर त्यात सेट होऊ द्या.

सिलिकॉनला दोन गोष्टी बाधतात. लेटेक्स ग्लोव्हजमधलं गंधक त्याला सेट होऊ देत नाही, पृष्ठभाग चिकट राहतो, म्हणून या कामाला नायट्राइल ग्लोव्हज घाला. आणि थ्रीडी प्रिंटेड मॉडेल वापरणार असाल तर ते अल्कोहोलमध्ये नीट धुऊन पूर्ण पोस्ट-क्युअर केलेलं (लाइटखाली पुन्हा कडक केलेलं) हवं. कच्चं रेझिन राहिलं तर साचा आतून ओला राहतो.

साचा कशावर टेकणार, हा प्रश्न पूर्ण तोंडाच्या केसमध्ये फार महत्त्वाचा आहे. सगळ्याच दातांवर मेण चढवलं तर तोंडात साच्याला बसायला पक्की जागाच उरत नाही. तो कमीजास्त दाबला जातो आणि चावा बिघडतो. म्हणून शेवटच्या दाढा मेणाशिवाय ठेवा, किंवा टाळूचा भाग साच्यात घ्या.

समोरच्या सहा दातांसाठी मी दोन साचे करते. पहिल्या मॉडेलवर एकाआड एक, म्हणजे 13 (वरचा उजवा सुळा), 11 (उजवा मधला) आणि 22 (डावा दुसरा) या दातांवरच मेण ठेवायचं. मधले दात जसे आहेत तसे राहिल्याने साचा त्यांच्यावर घट्ट बसतो. दुसरा साचा सगळ्या सहा दातांच्या मेणावर. आधी पहिल्या साच्याने तीन दात करायचे, मग दुसऱ्याने उरलेले 12, 21 आणि 23. एक मॉडेल आणि एक साचा जास्त लागतो, पण दातांच्या मधल्या भिंती स्वच्छ सुटतात आणि त्यावर वाचणारा वेळ त्या खर्चापेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

शेवटी छिद्रं. प्रत्येक दाताच्या कडेच्या मध्यावर, किंवा दाढ असेल तर उंच टोकावर, सिरिंजचं टोक घट्ट बसेल एवढंच छिद्र पाडा आणि त्याच दातावर हवा बाहेर पडायला दुसरं बारीक छिद्र ठेवा. छिद्र पाडताना उडालेले सिलिकॉनचे कण आतून फुंकून, धुऊन काढा. ते राहिले तर कंपोझिटमध्ये खड्डे पडतात. सिरिंजचं टोक छिद्रातून आत-बाहेर करून आधीच बघा.

तोंडातलं काम

कंपोझिट फ्रिजमध्ये ठेवत असाल तर तासभर आधी बाहेर काढा; थंड पदार्थ नीट वाहत नाही. दात पांढरे करायचे असतील तर ब्लीचिंग आधी संपवून किमान दोन आठवडे जाऊ द्या, कारण उरलेला ऑक्सिजन बाँडिंगच्या आड येतो.

ठाण्या-नवी मुंबईत जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते आणि त्यात पेशंट तोंडाने श्वास घेतो. दरवाजा बंद, एसी चालू, हाय-व्हॉल्यूम सक्शन जिभेजवळ, गाल-ओठांचा रिट्रॅक्टर, हिरडीत बारीक कॉर्ड (दोरा). पूर्ण रबर डॅम (दात लाळेपासून वेगळे ठेवणारं रबरी पटल) लावला की साचा बसत नाही, म्हणून स्प्लिट (मध्ये कापलेला) डॅम वापरा किंवा कापसाच्या रोलवर काटेकोर लक्ष ठेवा. ओलावा आवरता येत नसेल तर त्या दिवशी काम सुरूच करू नका.

पृष्ठभाग प्यूमिसने (घासायच्या भुकटीने) घासा. उघडं, चकचकीत, कठीण झालेलं डेंटिन आणि जुनं कंपोझिट 50 मायक्रॉनच्या ॲल्युमिना कणांनी खरखरीत करून घ्या. इनॅमलच्या कडेला बारीक बेव्हल (तिरका उतार) द्या. शेजारचे दात टेफ्लॉन टेपने घट्ट गुंडाळा. टेपची सुरकुती राहिली तर साचा पूर्ण खाली बसत नाही. टेप लावून साचा एकदा कोरडा बसवून बघाच.

37 टक्के फॉस्फोरिक ॲसिड इनॅमलवर 30 सेकंद, डेंटिनवर 15 सेकंदांपेक्षा जास्त नाही. भरपूर पाण्याने धुवा आणि वाळवा. इनॅमल खडूसारखं पांढरं दिसलं पाहिजे. युनिव्हर्सल बाँडिंग (कंपोझिट चिकटवणारा द्रव) 20 सेकंद चोळून लावा आणि हवेने पातळ करा. द्रवाची हालचाल थांबेपर्यंत हवा द्या. बाँडिंगचा थेंब कडेला साचला तर तो कडक होऊन साच्याला अडवतो, आणि कारण शोधण्यात तुमची दहा मिनिटं जातात. बाँडिंग लाइट-क्युअर करा (लाइटने कडक करा), मगच साचा ठेवा.

आता साचा बसवा आणि न हलवता दोन बोटांनी शेवटच्या दाढांवर दाब द्या. हे काम सहायकाकडे द्यायचं असेल तर दाब किती, कुठे, हे आधी मॉडेलवर शिकवून ठेवा. सिरिंजचं टोक छिद्रातून आत, हिरडीच्या दिशेने जवळजवळ दाताला टेकेपर्यंत न्या आणि हळूहळू दाबा. पारदर्शक साच्यातून सगळं दिसतं. आधी कडेशी एक गडद चंद्रकोर तयार होते, मग ती दातावर चढत वर सरकते आणि पुढे ढकललेली हवा दुसऱ्या छिद्रातून निघून जाते. टोक सतत पदार्थात बुडालेलं ठेवून मागे घ्या. मध्येच बाहेर काढून पुन्हा घातलं की बुडबुडा हमखास अडकतो. दुसऱ्या छिद्रातून कंपोझिट बाहेर आलं की दाब थांबवा, टोक काढा आणि लगेच त्या दातावर काही सेकंद लाइट धरून पदार्थ जागेवर बसवा. मग पुढचा दात.

तिन्ही दात भरले की प्रत्येकाला बाहेरून, आतून आणि कडेवरून 40-40 सेकंद क्युअर करा. साच्यातून जाताना प्रकाशाची तीव्रता घटते. आपल्या साच्याचा तुकडा रेडिओमीटरवर (प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर) ठेवून एकदा स्वतः मोजा, किती घटते ते कळेल. लाइट जुना असेल आणि मोजमाप 1000 मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटरच्या बरंच खाली येत असेल तर वेळ वाढवण्यापेक्षा लाइट बदला. बॅटरीवर चालणारा लाइट आदल्या रात्री पूर्ण चार्ज असू द्या.

साचा काढल्यानंतर

साचा एका बाजूने हळू सोडवा. दातांवर छिद्रांच्या जागी कंपोझिटचे छोटे खांब उभे दिसतील; ते बारीक टोकाच्या बरने कापा. हिरडीच्या कडेचा पातळ पापुद्रा 12 नंबरच्या ब्लेडने दाताकडून हिरडीकडे नव्हे, कडेला समांतर ओढत काढा. दातांमधून फ्लॉस घाला: अडकला किंवा फाटला तर तिथे अजून जास्तीचं कंपोझिट आहे, फिनिशिंग स्ट्रिपने साफ करा. पृष्ठभागावर ग्लिसरीन जेल लावून पुन्हा 20 सेकंद क्युअर करा, म्हणजे हवेमुळे वर राहणारा चिकट थर पक्का होतो. मग टेप बदला, दुसरा साचा घ्या आणि उरलेले तीन दात त्याच क्रमाने करा.

पॉलिशिंगमध्ये हात आवरा. मेणातले बारीक उंचवटे, खाचा साच्याने आधीच दातावर उतरवलेल्या असतात. जाड डिस्क फिरवली की त्या सपाट होतात आणि दात खोटा दिसतो. मध्यम डिस्क फक्त जोडांवर, बाकी रबर पॉइंट आणि डायमंड पेस्ट.

चावा तपासताना आधी 40 मायक्रॉनचा ठसे उमटवणारा कागद, मग पातळ शिमस्टॉक (फॉइल). सुळ्यावर सरकताना मागचे दात सुटले पाहिजेत. पेशंटला उठवून, सरळ बसवूनही चावायला सांगा. झोपलेल्या स्थितीत जबडा मागे जातो आणि समोरच्या दातांवरचे ठसे फसवतात.

दाढांचं काम हाच क्रम पाळून, पण वेगळ्या भेटीत करा. एका भेटीत एक बाजू पूर्ण करायची, वर आणि खाली. मधल्या काळात उघडी बाजू टेकवण्यासाठी दोन दाढांवर कंपोझिटचे छोटे टेकू देता येतात. खूप मोठी भेट ठेवली तर पेशंट दमतो, लाळ वाढते आणि शेवटच्या दातांचं बाँडिंग कच्चं राहतं.

घरी पाठवताना आणि नंतर

पहिले दोन दिवस हळदीचं वरण, रंगीत भाजी, दाट चहा टाळायला सांगा. हळद ताज्या कंपोझिटमध्ये पटकन मुरते. रात्री दात खाणाऱ्याला कडक ॲक्रिलिकचा नाइट गार्ड द्या आणि त्याचे पैसे सुरुवातीच्या अंदाजातच धरा, म्हणजे शेवटी तो नको म्हणणार नाही. एका आठवड्याने, महिन्याने आणि मग दर सहा महिन्यांनी बोलवा. पॉलिश थोडी मंद होते, कड कधी उडते, हे पेशंटने पहिल्याच दिवशी संमतीपत्रात वाचलेलं असावं.

साचे फेकू नका. पेशंटचं नाव आणि शेड लिहून मॉडेलसह डब्यात ठेवा. कोपरा उडाला की तो भाग ॲल्युमिनाने खरखरीत करा, सिलेन (जुन्या कंपोझिटशी जोड पक्की करणारा द्रव) आणि बाँडिंग लावा, तोच साचा बसवा आणि त्याच छिद्रातून तीच शेड भरा. मूळ आकार पुन्हा हाताने घडवावा लागत नाही आणि पेशंट अर्ध्या तासात मोकळा होतो. साचा फाटला असेल तर जपून ठेवलेल्या मॉडेलवर नवा करून घ्या.